डबा रिकामाच परत द्या

पाऊस लागला की गोव्यातली आंगणं हिरवी होतात आणि माझ्या टपालात हाडं मोडल्याची पत्रं वाढतात. गुळगुळीत लाद्या, वर शेवाळ, पायात झिजलेली रबरी चप्पल. वॉर्डात नर्स म्हणून काम केलेली मी, पडल्यावर काय करायचं ते या सदरात अनेकदा लिहिलं आहे. या महिन्याची तीन पत्रं मात्र वेगळी आहेत. तिघांची तक्रार एकच: कुणीतरी मदत करतंय, किंवा मदत घेत नाहीये. तिघांना एकत्रच उत्तर देते. पहिलीला जास्त जागा देते आहे, कारण तिचं पत्र वाचून मला रात्री नीट झोप लागली नाही.

*

प्रिय सिस्टर,

मी प्रियोळला राहते. वय ६८. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा-सून पुण्याला, मुलगी लंडनला. मृगाच्या पहिल्या पावसात तुळशीला पाणी घालताना घसरले आणि खुबा मोडला. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ऑपरेशन होऊन अर्धा सांधा बदलला. मुलगा तीन आठवडे राहून गेला. आता वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरते.

हाडाचं दुःख सोसवतं. सोसवत नाही ते वेगळंच. शेजारच्या दोन घरांनी माझा जणू ताबा घेतला आहे. एका घरची सून सकाळी पेज आणि दुपारी जेवणाचा डबा घेऊन येते. दुसरी शेजारीण ख्रिस्ती. ती संध्याकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, माझ्यासाठी पाव घेते आणि रात्री दाराची कडी लागली का ते बघून जाते. सिस्टर, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, वाड्यावर घरोघरी नेवऱ्या (करंज्या) वाटणारी मी, बायकांचे बँकेचे फॉर्म भरून देणारी मी, कुणाचं बाळंतपण असलं की रात्रभर उशाशी बसणारी मी. माझ्या घरून कुणाचा डबा कधी रिकामा परत गेला नाही. आता रोज रिकामा जातो. माझे सासरे म्हणत, कुणाच्या उपकाराचं ओझं घेऊन मरू नये.

परवा मी त्या सुनेला सांगितलं, मुलाने कामाला बाई ठेवली आहे, उद्यापासून तू येऊ नकोस. बाईबीई काही नाही, खोटंच बोलले. त्याच दिवशी न्हाणीत एकटी आंघोळ करत होते तर पाय सरकला, नळ धरला म्हणून वाचले. असो. त्यांचं मन न दुखवता त्यांना थांबवायचं कसं, एवढं सांगा.

— तुमची जुनी वाचक

बाय,

थांबवायचं नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण तुमचं पत्र डब्याबद्दल आहे असं मला वाटतच नाही.

वॉर्डात सकाळचा राउंड संपवून मी दाराशी पोहोचले की मागून हमखास हाक यायची, ‘सिस्टर, आणि एक...’ आधीची दहा मिनिटं पोट साफ होत नाही, चहा गार मिळतो, असलं बोलण्यात गेलेली असायची. जे खरं सांगायचं असे ते त्या ‘आणि एक’मध्ये असे. तुमच्या पत्रात ते ‘असो’च्या आधीचं एक वाक्य आहे. डब्यावर तुम्ही अर्धं पान लिहिलंत आणि न्हाणीवर एक ओळ. म्हणून मी न्हाणीपासून सुरू करते.

अर्धा सांधा बदललेल्या माणसाने खुबा काटकोनाच्या पलीकडे वाकवायचा नाही. म्हणजे पाटावर बसणं नाही, बुटक्या स्टुलावर नाही, पायावर पाय टाकून नाही, उकिडवं तर नाहीच. सांधा निखळला तर पुन्हा बांबोळी. तुम्ही न्हाणीत नक्की पाटावर बसत असणार. आपल्याकडे भाणातलं, न्हाणीतल्या मोठ्या भांड्यातलं, कढत पाणी तांब्याने घ्यायला पाटच बरा पडतो. तो पाट आजच बाहेर काढा. चार पायांची, हात टेकायला दांडे असलेली, तुमच्या गुडघ्याहून जरा उंच अशी प्लास्टिकची घट्ट खुर्ची आणा, खाली रबरी चटई घाला. आणि नळ! नळ पाणी सोडण्यासाठी असतो, माणूस पेलण्यासाठी नाही. एकदा वाचलात, पुढच्या खेपेला तो पाइपासकट हातात येईल. भिंतीत पोलादी दांडा बसवून घ्या, गवंड्याचं तासाभराचं काम आहे.

आता लाजेचं. ती आहे, आणि असावी. पाठ चोळायला शेजारची सून आली तर तिच्यासमोर उघडं व्हायचं, या विचाराने तुमच्या अंगावर काटा आला असणार. डब्याचं निमित्त करून तुम्ही तिला घरीच येऊ नको म्हणालात. मी बरोबर आहे की नाही ते मला कळवू नका, स्वतःशीच ठरवा.

वॉर्डात आम्ही रुग्णाला कधी पूर्ण उघडं करत नाही. अंगावर चादर असते. एक हात बाहेर काढायचा, धुवायचा, पुसायचा, झाकायचा, मग दुसरा. घरी याचं सोपं रूप असं: जुना सुती गाऊन अंगावर ठेवूनच खुर्चीवर बसायचं. मदतनीस मागे उभी. तिने फक्त पाठ आणि गुडघ्याखालचे पाय धुवायचे, कारण तिथे तुम्ही वाकू शकत नाही. बाकीचं अंग तुम्ही स्वतः, गाऊनच्या आत हात घालून. त्या वेळी ती दाराबाहेर, पण दार नुसतं लोटलेलं. कडी नाही म्हणजे नाही. कडी आतून लावून पडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना बाहेर काढायला आधी सुतार लागतो, मग डॉक्टर.

हे काम शेजारणीनेच करावं असं मी मुळीच म्हणत नाही. अंगाशी येणारं काम ओळखीच्या माणसापेक्षा परकं माणूस केव्हा केव्हा बरं करतं. दिवसा जिच्याशी कुळागराच्या, पोफळीच्या बागेच्या, गोष्टी बोलायच्या तिनेच सकाळी पाठ धुवायची, हे दोघींनाही अवघड. म्हणून तुम्ही जे खोटं बोललात ते खरं करा. मुलाला सांगून खरोखरच एक बाई ठेवा, सकाळी तासभर, आंघोळीपुरती. पैसे द्या, वेळ ठरवा. त्यात उपकार कसला? तुमच्या खोटेपणात अक्कल होती, तिचा उपयोग करून घेऊ या.

उरलेली मदत मात्र शेजारणींची. आणि ती तुम्हाला हवी की नको असा प्रश्नच सध्या नाही. साधं बघा: वॉकर दोन्ही हातांनी धरायचा. मग चहाचा कप स्वयंपाकघरातून सोप्यावर न्यायचा कशात? तोंडात धरून? वॉकरला कापडी पिशवी बांधा, तिच्यात मोबाइल, चष्मा, छोटा थर्मास राहील. पण आमटीचं भांडं राहणार नाही. दोन-तीन महिने तुमच्या घरात ताट वाहून नेणारे हात दुसऱ्याचे असणार.

तुमच्या सासऱ्यांबद्दल आदर ठेवून एक विचारते. त्यांचं कुळागर होतं का? प्रियोळला असणारच. त्या पोफळींना पाणी कुणाच्या झऱ्याचं यायचं? पाट कुणाकुणाच्या जागेतून वाहायचा, पाळी कोण ठरवायचं? माझं माहेर दुर्भाटचं. आमची खाजन शेती, जुवारीच्या भरतीला बांधाने अडवलेली. एखाद्या रात्री बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरायचं, आणि खारं पाणी शिरलं की त्या जमिनीत पुढचा हंगामही गेला म्हणून समजा. हाक आली की आख्खा गाव कुदळी घेऊन चिखलात उतरायचा. ज्याच्या शेतासमोर बांध फुटला तो हात जोडून ‘कशाला त्रास घेताय’ म्हणत उभा राहत नसे. म्हटला असता तर त्याला शिव्या पडल्या असत्या, कारण पाणी त्याच्या एकट्याच्या शेतात थांबणारं नव्हतं. गांवकारीच्या, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळायच्या, काळापासून हेच चालत आलं. ओझं घेऊन मरू नये म्हणणारी माणसंही त्याच बांधावर उभी होती. एवढंच की त्या कामाला उपकार म्हणायचं असतं हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

बाय, तुमचा हिशोब मला जरा बोचला. ज्या बाळंतिणीच्या उशाशी तुम्ही रात्र काढलीत, ती तुमच्या नजरेत लहान झाली होती का? फॉर्म भरून घ्यायला आलेली बाई तुमच्या उंबऱ्यावर खालमानेने उभी राहावी असं तुम्हाला वाटत होतं का? नाही ना. मग तुम्ही घेणाऱ्या झालात की तुमची किंमत उतरते, हा नियम कुठून आला? की देताना थोडं मोठेपण मिळत होतं आणि आता ते सुटत नाही? हे मी रागाने विचारत नाही. वाड्यावर देणारी एकच बाई आणि घेणाऱ्या बाकी सगळ्या, असं वर्षानुवर्षं चाललं की त्या सगळ्यांचे हात बांधल्यासारखे होतात. आज ते मोकळे झाले आहेत. त्या सुनेच्या पावलांत उत्साह असेल, नीट बघा.

ती ख्रिस्ती शेजारीण नाताळाला तुमच्याकडे दोदोल या मिठाईची ताटली पाठवत असणार, तुम्ही चवथीला तिला नेवऱ्या. त्या चार महिन्यांत तुम्ही कधी रात्री जागून विचार केलात का, की तिचं देणं बाकी आहे?

आता करायचं काय ते सांगते. सुनेला बोलवा. बाई ठेवली नव्हती, आता ठेवते आहे, हे सरळ सांगा. तिला ते एव्हाना कळलंही असेल, प्रियोळ काही मुंबई नव्हे. मग कामं वाटून द्या. सकाळची पेज हवी, म्हणा. दुपारचा डबा एक दिवसाआड, कारण उरलेल्या दिवशी मी उंच खुर्चीवर बसून भाजी चिरीन, कुकर लावीन, तू फक्त खाली उतरवून ताट वाढून दे. रात्रीचं दार शेजारणीकडे. तिला चावीही देऊन ठेवा, नुसतं बघून जाऊन उपयोग नाही. आत पडलात तर ती बाहेरून काय करणार? आणि हे सगळं चवथीपर्यंत, असं तोंडाने बोला. मदतीला शेवटची तारीख असली की देणाराही दमत नाही आणि घेणाराही गुदमरत नाही. चवथीला डॉक्टर पाहतील आणि पुढचं ठरेल.

या वर्षी नेवऱ्या तुम्ही करायच्या नाहीत. जमिनीवर बसून लाटणं-तळणं बंद. सारणाचं प्रमाण तुमच्याकडून शिकायला त्या दोघी तयार होतील की नाही ते विचारा.

आणि डबा. तो रिकामाच परत द्या. धुऊनही नको, वाकाल. साखरेची चिमूट नको, चार केळी नकोत, ‘हे मुलांना’ म्हणून बिस्किटाचा पुडा नको. रोज डबा भरून पाठवाल तर तिला वाटेल तुम्ही दुकानातून जेवण घेताय.

*

सिस्टर, नमस्कार.

मी डिचोलीचा, वय ५१. खाणीवर माझा ट्रक होता. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा तग धरला. २०१८च्या मार्चमध्ये पुन्हा बंद झाल्या तेव्हा ट्रक विकला आणि छोटं गॅरेज टाकलं. दीड वर्षापूर्वी दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. खासगी इस्पितळात पैसे भरून करतो. स्कूटरने जातो, स्कूटरने येतो, कुणाला त्रास देत नाही. सरकारी आरोग्य योजनेचं, दीनदयाळचं, कार्ड होतं, पण मुदत संपल्यावर नवं केलं नाही. मी काही भिकारी नाही, दुसऱ्या गरजूला मिळू दे.

गेल्या महिन्यात ट्रकच्या दिवसांतले दोस्त घरी आले, गप्पा मारल्या आणि जाताना उशीखाली पाकीट ठेवून गेले. आत तीस हजार. दुसऱ्या दिवशी मी ते परत नेऊन दिलं. तेव्हापासून ते फोन उचलत नाहीत. बायको म्हणते मी चुकलो. चुकलो का?

— ट्रकवाला

भाऊ,

पाकिटाचं नंतर. आधी स्कूटर. चार तास यंत्राला लागून रक्त गाळून घेतल्यावर अंगातलं पाणी ओढलेलं असतं, रक्तदाब उतरलेला असतो, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. ज्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्यांचा जोड, केला आहे तिथे सुया टोचलेल्या जागा नुकत्या दाबून बंद केलेल्या. त्या हाताने ब्रेक धरून तुम्ही डिचोलीच्या खड्ड्यांतून घरी येता आणि वर म्हणता कुणाला त्रास नाही? रस्त्यात चक्कर आली तर समोरच्या रिक्षावाल्याला त्रास, १०८ वाल्यांना त्रास, बायकोला जन्माचा त्रास. जाताना स्कूटर एकवेळ समजू शकते. येताना बिलकूल नाही. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्यावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, त्यावर झोपायचं नाही, हे तुम्हाला सांगितलं असणारच. गॅरेजमध्ये जॅक कोणत्या हाताने मारता?

आता बघा, तुमच्याकडे काय आहे. ज्यांनी आयुष्य खनिजाचे ट्रक चालवण्यात घालवलं असे दोस्त. डिचोली ते धक्का, धुळीत, रांगेत, फेऱ्या मोजत. गोव्यात याहून चांगले चालक मिळणार नाहीत. आणि त्यांतले बरेच खाणी बंद झाल्यापासून दिवसाचा काही वेळ मोकळे असतील. त्यांना पैसे द्यावेसे वाटले कारण दुसरं काय द्यायचं ते तुम्ही कधी सांगितलंच नाही. फोन उचलत नसतील तर एकाच्या घरी जा. पाकिटाचा विषय काढू नका. म्हणा, सोम-बुध-शुक्र मला डायलिसिसहून आणायला माणूस हवा, तुम्ही आपसांत वाटून घ्या. पेट्रोल मी घालीन.

पाकीट परत केलं ते चुकलं का? माझं मत: परत करणं चुकलं नाही, दुसऱ्याच दिवशी नेऊन देणं चुकलं. ज्यांची स्वतःची कर्जं फिटली नाहीत त्यांनी दोन-दोन, पाच-पाच हजार काढून तीस जमवले असतील. ते तुम्ही एका रात्रीत मोजून परत केलेत, म्हणजे त्यांनी रक्कम आणली आणि तुम्ही पावती फाडली. पुन्हा आणले तर घ्या. घेताना तोंडावर विचारा, हे परत द्यायचे की नाहीत? ‘नाही’ म्हणाले तर विषय संपला. ‘होतील तेव्हा दे’ म्हणाले तर वहीत नाव आणि आकडा लिहून ठेवा, बायकोलाही दाखवून ठेवा. आणि त्या पैशाचं काय केलं ते एकदा त्यांना सांगा. रक्त वाढवण्याची इंजेक्शनं घेतली, म्हणा. नुसतं ‘लय उपकार झाले’ म्हणू नका, त्याने माणसं संकोचतात.

कार्डाबद्दल मात्र मी तुम्हाला सरळ झापणार आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ साली सुरू झाली तेव्हापासून तिला उत्पन्नाची अट नाही. गोव्यात पाच वर्षं वा त्याहून जास्त काळ राहणाऱ्याला ती मिळते. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत, चार किंवा अधिक असतील तर चार लाखांपर्यंत. ही मर्यादा तुमच्या कुटुंबाची आहे. तुम्ही ती वापरली नाही म्हणून शेजारच्या गरजूच्या कार्डावर चढत नाही. वर्ष संपलं की वाया जाते. ‘दुसऱ्याला मिळू दे’ हे ऐकायला छान आहे, पण त्यातून दुसऱ्याला काहीच मिळत नाही. तुमच्या घरी सरकारच्या गृह आधार योजनेचे १५०० रुपये बायकोच्या खात्यात येत असतील तर ते तुम्ही भीक समजता का? बायकोला विचारून बघा, उत्तर मिळेल.

कार्डाचं नूतनीकरण या आठवड्यात करा आणि तुमचं इस्पितळ योजनेत आहे का ते तिथल्या काउंटरवर विचारा. नसेल तर जे आहे तिथे बदली मागा. नंबर लागायला वेळ लागतो म्हणून आजच. रांगेत उभं राहायला मुलाला पाठवा. तेवढंही त्याला सांगवत नसेल तर मग तुमच्या बायकोचं पत्र मला यायला हवं होतं.

*

सिस्टर,

मी म्हापशाजवळच्या गावातला, २४ वर्षांचा. शाळेत ज्यांनी मला गणित शिकवलं ते सर निवृत्त आहेत, एकटेच राहतात, काचबिंदू आहे. मी जाऊन ‘सर, काही लागलं तर सांगा’ म्हणतो, ते ‘काही नाही रे’ म्हणतात. पेपर स्वतः वाचतात, म्हणून मलाही वाटतं ठीक असेल. पण परवा बाजारात स्कूटर त्यांना घासून गेली. मी हात धरला तर झिडकारला. कसं करू?

— विद्यार्थी

बाळ,

काचबिंदूत बाजूचं दिसणं आधी जातं, समोरचं बराच काळ टिकतं. म्हणून सर पेपर वाचू शकतात आणि डावीकडून येणारी स्कूटर त्यांना दिसत नाही. त्यांनाही हे नीट उमगलेलं नसेल. समोरचं स्वच्छ दिसणाऱ्या माणसाला आपण आंधळे होतोय हे पटत नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकते. थेंब रोज, ठरल्या वेळी. ते चालू आहेत का एवढं एकदा विचार, गप्पांच्या ओघात.

‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य टाकून दे. गणिताच्या सरांना असा मोकळा प्रश्न घातला की ते शून्यच उत्तर देणार. ‘सर, शुक्रवारी नऊ वाजता बाजाराला चाललोय, तुम्ही येता का, मला केळी निवडता येत नाहीत’ असं म्हण. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात एकट्याने जाणं आता त्यांच्यासाठी धोक्याचं आहे, पण बाजार सोडणं त्याहून वाईट.

आणि हात धरू नकोस. मागून कुणी दंड पकडून ढकलत नेलं तर तुलाही चीड येईल. ‘सर, माझं कोपर धरता?’ असं विचार आणि आपलं कोपर पुढे कर. त्यांनी कोपराच्या जरा वर धरायचं, तू अर्धं पाऊल पुढे चालायचं. तुझं अंग वर-खाली झालं की त्यांना रस्ता कळतो. पायरी आली की क्षणभर थांब आणि ‘वर’ किंवा ‘खाली’ एवढंच सांग. वाहनं ज्या बाजूने येतात त्या बाजूला तू राहा. बसमध्ये चढताना त्यांचा हात दांड्यावर ठेव, ओढू नको. मध्येच कुणाशी बोलायला थांबलास आणि दूर गेलास तर सांगून जा, नाहीतर ते गर्दीत हवेशी बोलत राहतील.

पहिल्या खेपेला ते नाही म्हणतील. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा विचार, पण तिसऱ्यांदा विनवणी करू नको, नुसता नऊ वाजता त्यांच्या दाराशी उभा राहा, पिशवी घेऊन. कदंबच्या बसमध्ये तिकीट मात्र त्यांना काढू दे, दोघांचंही.